मातेच्या घरातील मकतब : इमाम शाफई यांची विद्यासाधना

रमजानचा महिना हा कुराणाचा महिना. याच महिन्यात दैवी संदेशाचे अवतरण सुरू झाले, अशी मुसलमानांची श्रद्धा आहे. महिनाभर तरावीहच्या नमाजात कुराणाचे पठण चालते आणि ईदच्या सकाळी त्या साधनेची सांगता होते. कोकण किनाऱ्यावरील मशिदींत ईदच्या नमाजाला उभे राहणाऱ्यांना एक वैशिष्ट्य परिचयाचे आहे. पहिल्या रकातीत सात आणि दुसरीत पाच अशा बारा जादा तकबिरी तेथे उच्चारल्या जातात. हनफी पद्धतीने चालणाऱ्या देशातील बहुसंख्य मशिदींत त्या सहाच असतात. ईदच्या नमाजापूर्वी गोरगरिबांस द्यावयाचा फितरा त्या प्रदेशातील मुख्य धान्याच्या रूपाने द्यावा, असाही कोकणी मुसलमानांच्या संप्रदायाचा नियम आहे. भात पिकविणाऱ्या मुलखात तो तांदळाच्या मापानेच मोजावयाचा.

या नियमांमागे ज्या महापुरुषाचे नाव उभे आहे, ते म्हणजे इमाम शाफई. सुन्नी पंथातील चार धर्मशास्त्र-संप्रदायांपैकी एकाचे ते प्रवर्तक. त्यांच्या शास्त्रज्ञानावर शतकानुशतके भाष्ये झाली. परंतु त्या ज्ञानवृक्षाचे बीज मक्केतील एका निर्धन विधवेच्या घरात रुजले, ही गोष्ट ईदच्या या मंगल दिवशी, विशेषतः लहान मुलांच्या मातापित्यांनी, आवर्जून स्मरावी अशी आहे.

गाझाहून मक्केकडे

इमामसाहेबांचे नाव महंमद; पित्याचे नाव इद्रीस. हिजरी सन 150 मध्ये, म्हणजे इ. स. 767 मध्ये, पॅलेस्टाइनच्या किनाऱ्यावरील गाझा येथे त्यांचा जन्म झाला, असे बहुतेक चरित्रकार मानतात. दुसरे थोर धर्मशास्त्रज्ञ इमाम अबू हनीफा यांचे निधनही त्याच वर्षीचे. एक दीप मालवला आणि दुसरा उजळला, असे भाविक मोठ्या कौतुकाने सांगतात.

कुळ थोर होते. कुरैश जमातीच्या ज्या शाखेत त्यांचा जन्म झाला, ती पैगंबरसाहेबांच्या घराण्याशी रक्ताच्या नात्याने जोडलेली होती. पण थोर कुळाने चूल पेटत नाही. मूल पाळण्यात असतानाच पिता निवर्तला. परक्या मुलखात, हाताशी द्रव्य नाही, पदरात तान्हे बाळ, अशा अवस्थेत त्या मातेपुढे मोठा प्रश्न उभा राहिला. गाझा येथेच राहिले तर कसेबसे पोट भरेल. पण मूल आपल्या कुळापासून आणि कुळाच्या विद्येपासून कायमचे दुरावेल. मक्केला जावे तर दूरचा वाळवंटी प्रवास, आणि तेथे पोहोचल्यावरही दारिद्र्य काही सुटणार नाही. तिने मक्केची वाट धरली. मूल तेव्हा सुमारे दोन वर्षांचे होते. या एका निर्णयाने इस्लामी धर्मशास्त्राच्या इतिहासाला वळण दिले, याची त्या माउलीला त्या वेळी कल्पनाही नसेल.

फीवाचून शिक्षण

आपल्याकडे पूर्वी पंतोजींच्या शाळेत मुलाला घालताना शिधा अथवा दक्षिणा द्यावी लागे. त्याचप्रमाणे मक्केतील मकतबातही शिक्षकाला मोबदला द्यावा लागे. विधवेजवळ देण्यासारखे काही नव्हते. तरी तिने मुलाला मकतबात नेऊन बसविले. फी न देणाऱ्या मुलाकडे शिक्षकाचे लक्ष असणार तरी किती? तो इतर मुलांना शिकवी आणि हा मुलगा एका कडेला बसून ऐके.

पण ऐकणे हीही एक साधना आहे. कुराण हा शब्दच मुळी पठणाशी नाते सांगणारा. तो ग्रंथ डोळ्यांआधी कानांनी शिकावयाचा असतो. शिक्षकाने एका मुलास आयत सांगितली की ती या मुलाच्या मुखीही बसे. दुसऱ्याचा उच्चार चुकला की याच्या कानाला ती चूक खुपे. पुढे शिक्षक काही कामासाठी उठून गेला की हा चिमुरडा बाकीच्या मुलांना गोळा करून तोच पाठ पुन्हा सांगू लागला. शिक्षकाच्या ध्यानात आले की या मुलामुळे आपले काम हलके होत आहे. फीपेक्षाही हा मोबदला मोलाचा आहे. त्याने फीचा विषय सोडून दिला.

जे आपण दुसऱ्यास शिकवितो, तेच आपल्या मनात पक्के बसते, हा अनुभव शिक्षणशास्त्राला नवा नाही. सातव्या वर्षी महंमदाला संपूर्ण कुराण मुखोद्गत झाले, असे परंपरा सांगते. त्याच्या असामान्य बुद्धीला त्याचे श्रेय आहेच. परंतु ऐकणे, म्हणणे आणि लगेच लहानांना म्हणवून घेणे या तिहेरी अभ्यासाचाही त्यात मोठा वाटा आहे.

रांजणातील विद्या

पाठांतराला लेखनाची जोड हवी होती. पण लिहावे कशावर? कागद त्या काळी अरब जगात नुकताच प्रवेश करीत होता. पपायरस आणि चर्मपत्र ही धनिकांची सामग्री. विधवेच्या मुलाला ती कोठून मिळणार? त्याने मोकळ्या रानातून आणि उकिरड्यांवरून जनावरांची हाडे वेचण्यास आरंभ केला. उंटाच्या खांद्याचे हाड रुंद आणि सपाट असते. ते घासूनपुसून साफ केले की त्याची उत्तम पाटी होते. त्यावर बोरूने लिहावयाचे आणि लिहिलेले हाड घरातील जुन्या रांजणात टाकावयाचे. सरकारी दप्तरात जाऊन एका बाजूने वापरलेली टाकाऊ पत्रेही तो मागून आणी आणि त्यांच्या कोऱ्या बाजूवर लिही. अशा रीतीने त्या गरीब घरात एक ग्रंथालय उभे राहिले आणि तो रांजण काठोकाठ भरला.

या प्रसंगाला इस्लामी इतिहासात एक हृद्य पार्श्वभूमी आहे. पैगंबरसाहेबांच्या हयातीत कुराणाच्या आयती ज्या साधनांवर उतरवून घेतल्या जात, त्यांत खजुरीचे देठ, पातळ दगड, चामड्याचे तुकडे आणि उंटाच्या खांद्याची हाडे यांचा समावेश होता. पुढे झैद बिन साबित यांनी कुराण एकत्र केले ते अशाच लेखांवरून आणि लोकांच्या मुखातून. सव्वाशेहून अधिक वर्षांनंतर मक्केतील हा पोरका मुलगा, केवळ दारिद्र्यापोटी, त्याच साधनांकडे वळला होता. ते पवित्र शब्द ज्या हातांनी प्रथम टिपले, त्या हातांच्या श्रमाचा अनुभव त्याच्या चिमुकल्या हातांना मिळाला.

आणि यातच घरगुती शिक्षणाचे एक रहस्य दडलेले आहे. आयते मिळालेले पुस्तक मूल विसरते. पण जे हाड त्याने स्वतः वेचून आणले, स्वच्छ केले, ज्यावर एकेक अक्षर कोरल्यासारखे लिहिले, ते हाड आणि त्यावरील शब्द ते कसे विसरेल? ऐकण्याने कान तयार होतो, म्हणण्याने जीभ तयार होते आणि लिहिण्याने हात. ही तिन्ही एका शब्दावर एकवटली की तो शब्द मुलाचा स्वतःचा होतो.

भाषा, बाण आणि गुरुगृह

कुराणाची भाषा शुद्ध अरबी. तिचा खरा ठाव घ्यावयाचा तर शहरातील मिश्र बोली पुरेशी नव्हती. म्हणून कुमारवयात महंमद हुजैल नावाच्या भटक्या जमातीत जाऊन राहिला. त्या जमातीची भाषा अस्सल मानली जाई. तेथे त्याने त्यांची काव्ये मुखोद्गत केली, घोडेस्वारी शिकली आणि धनुर्विद्येचा असा अभ्यास केला की दहा बाणांपैकी क्वचितच एखादा चुके. पठणाचे शास्त्र त्याने मक्केतील इस्माईल बिन कुस्तंतीन या कारींपाशी घेतले. मक्केचे मुफ्ती मुस्लिम बिन खालिद अल झंजी यांनी तर हा शिष्य अवघा पंधरा वर्षांचा असताना त्यास फतवा देण्याची अनुज्ञा दिली, असे सांगतात.

त्या काळी मदीनेत इमाम मालिक यांची कीर्ती दिगंतात पसरली होती. त्यांचा ‘मुवत्ता’ हा ग्रंथ शाफई यांनी भेटीपूर्वीच पाठ केला होता. ग्रंथ हाती न घेता तो तरुण म्हणू लागला, तेव्हा वृद्ध गुरू प्रसन्न झाले आणि इ. स. 795 मध्ये गुरूंचे निधन होईपर्यंत हा संबंध टिकला. पुढे उपजीविकेसाठी येमेनला जाण्याची वेळ आली, तेव्हा वाटखर्चालाही पैसा नव्हता. मातेने राहते घर गहाण ठेवले आणि पुत्राची पाठवणी केली, असे चरित्रग्रंथ सांगतात. ज्या घरातील रांजणात विद्या साठली, ते घरच तिने विद्येच्या पुढील वाटचालीसाठी दिले.

संकट आणि सुटका

येमेनमध्ये नजरान येथे त्यांनी सरकारी अधिकार सांभाळला. निःस्पृह अधिकाऱ्याला शत्रू लवकर मिळतात. खलिफाच्या विरोधातील अलीपक्षीयांना ते सामील आहेत, असा आरोप करण्यात आला आणि इ. स. 800 च्या सुमारास इतर आरोपींसह त्यांना बेड्या घालून खलिफा हारून अल रशीद यांच्यासमोर उभे करण्यात आले. सोबतच्यांना देहान्त शिक्षा झाली, असे परंपरा सांगते. शाफई यांनी मात्र शांतपणे आपली बाजू मांडली. दरबारात अबू हनीफा यांचे शिष्य आणि नामांकित न्यायाधीश महंमद अल शैबानी उपस्थित होते. त्यांनी या तरुणाच्या विद्वत्तेची ग्वाही दिली आणि प्राण वाचले. ज्यांनी रदबदली केली, त्या शैबानींपाशीच शाफई यांनी पुढे अध्ययन केले. मदीनेची परंपरानिष्ठा आणि इराकची तर्कनिष्ठा असे दोन्ही प्रवाह अशा रीतीने एका व्यक्तीत येऊन मिळाले.

खलिफाच्या पुत्रांच्या शिक्षकास त्यांनी केलेला उपदेश जुन्या चरित्रसंग्रहांत नमूद आहे. मुलांना सुधारण्यापूर्वी शिक्षकाने स्वतःला सुधारावे, कारण मुलांची दृष्टी त्याच्या वागण्यावर खिळलेली असते, हा त्यातील पहिला विचार. दुसरा कुराणाच्या शिक्षणाविषयीचा. मुलांवर इतकी सक्ती करू नये की त्यांना कंटाळा यावा. आणि इतके मोकळेही सोडू नये की त्यांनी तो ग्रंथच दूर सारावा. तिसरा असा की, एक विषय पक्का झाल्याखेरीज मुलांना दुसऱ्याकडे नेऊ नये. राजपुत्रांसाठी दिलेल्या या सल्ल्यामागे मकतबाच्या कडेला बसलेल्या एका गरीब मुलाचा अनुभव होता, असे म्हटल्यास ते वावगे होणार नाही.

दिशा शोधण्याचे शास्त्र

शाफई यांचा ‘रिसाला’ हा ग्रंथ इस्लामी विधिशास्त्राच्या मूलतत्त्वांवरील आद्य ग्रंथांपैकी एक होय. कुराण, पैगंबरसाहेबांचा आचार म्हणजे सुन्नत, समाजाचे मतैक्य आणि साधर्म्यावरून केलेला तर्क, अशी प्रमाणांची मांडणी त्यांनी केली. विषय गहन, पण दृष्टांत रोजच्या जीवनातले. नमाजापूर्वीच्या वजूची आज्ञा कुराणात आहे. अवयव किती वेळा धुवावेत याचा तपशील पैगंबरसाहेबांच्या प्रत्यक्ष आचरणावरून कळतो. म्हणजे शब्दाचा अर्थ कृतीतून स्पष्ट होतो. दुसरा दृष्टांत किबल्याचा. काबा डोळ्यांसमोर असेल तर प्रश्नच नाही. पण दूर देशी असलेल्या माणसाने काय करावे? त्याने तारे, सूर्य, डोंगर आणि वारे यांच्या खुणांवरून प्रयत्नपूर्वक दिशा ठरवावी. बुद्धीचा उपयोग करावा. पण तो खुणांच्या आधाराने, लहरीने नव्हे. अवघ्या तर्कशास्त्राचे सार त्यांनी अशा एका साध्या कृतीतून उलगडून दाखविले.

मिसरमधील अखेरची वर्षे

इ. स. 814 च्या सुमारास इमामसाहेब मिसर देशात फुस्तात नगरीत, म्हणजे आजच्या जुन्या कैरोत, येऊन राहिले. तेथील अम्र बिन अल आस यांच्या मशिदीत त्यांचे अध्यापन चाले. पहाटेच्या नमाजानंतर प्रथम कुराणाचे विद्यार्थी येत. सूर्य उगवला की हदीसचे अभ्यासक बसत. त्यानंतर वादविवादाची सभा भरे. आणि शेवटी व्याकरण, छंद व काव्य यांचे जिज्ञासू दुपारपर्यंत थांबत. दिवसाची पहिली घटका मात्र कुराणाचीच. रात्रीचेही त्यांनी तीन भाग केले होते : एक लेखनाचा, एक प्रार्थनेचा आणि एक निद्रेचा.

त्यांच्या शिष्यांत रबी बिन सुलैमान नावाचा एक शिष्य होता. त्याची समज मंद होती. एक मुद्दा चाळीस वेळा सांगूनही त्याला उमगला नाही आणि तो शरमेने सभेतून उठून गेला, अशी कथा आहे. गुरूंनी त्याला एकांतात बोलावले आणि समजेपर्यंत पुन्हा पुन्हा समजावून दिले. पुढे इमामसाहेबांचे विशाल ग्रंथभांडार जगापर्यंत पोहोचविले ते मुख्यतः याच रबीने! त्या महाग्रंथाचे नाव ‘अल उम्म’. उम्म म्हणजे माता. येथे मूळ, आधार या अर्थाने. परंतु त्यांचे चरित्र जाणणाऱ्याला हे नाव वाचताना मक्केतील त्या माउलीची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

मिसरमध्ये आल्यावर नव्या प्रमाणांच्या प्रकाशात आपली अनेक पूर्वीची मते त्यांनी पुन्हा तपासली आणि बदलली. त्यांच्या संप्रदायात आजही ‘जुने मत’ आणि ‘नवे मत’ असा भेद केला जातो. कीर्तीच्या शिखरावर असताना आपलेच लेखन नव्याने लिहिण्यास जो विनय लागतो, तो त्यांच्यापाशी होता. पैगंबरसाहेबांच्या वंशातील विदुषी सय्यदा नफीसा त्याच नगरीत राहत. इमामसाहेब त्यांच्या भेटीस जात. त्यांची अंत्ययात्रा नफीसा यांच्या दारावरून नेण्यात आली आणि त्यांनी तेथे प्रार्थना केली, असे सांगतात.

दीर्घ आजारानंतर हिजरी सन 204 च्या रजब महिन्याच्या अखेरीस, म्हणजे इ. स. 820 च्या जानेवारीत, हे तपस्वी जीवन समाप्त झाले. वय अवघे चौपन्न वर्षांचे. मुकत्तम टेकड्यांच्या पायथ्याशी त्यांची कबर आहे. तिच्यावरील भव्य घुमट इ. स. 1211 मध्ये सुलतान अल कामिल याने बांधविला आणि आपल्या मातेलाही तेथेच चिरविश्रांती दिली. घुमटाच्या टोकावर धातूची एक छोटी नौका आहे.

कोकणच्या घराघरांत

ती नौका जणू पुढील इतिहासाची खूण ठरली. अरब व्यापाऱ्यांच्या गलबतांबरोबर शाफई संप्रदाय समुद्रमार्गे पूर्व आफ्रिका, मलबार, कोकण आणि पुढे मलाया-इंडोनेशियापर्यंत पोहोचला. याच परंपरेत मुंबईनजीक माहीम येथे मखदूम अली माहिमी (इ. स. 1372 ते 1431) यांनी कुराणावर ‘तबसीर अल रहमान’ हे विख्यात अरबी भाष्य रचले. त्यांच्याही चरित्रात मातृभक्तीची कथा येते. तहानलेल्या मातेसाठी पाणी आणले, तोवर तिला झोप लागली. म्हणून बालक मखदूम पाण्याचे भांडे हाती धरून पहाटेपर्यंत उशाशी उभा राहिला. मक्केत आणि माहीमला, दोन्हीकडे विद्येचा उगम मातेच्या सान्निध्यातच दाखविला आहे, हे लक्षणीय आहे.

आपल्याकडे मूल चार वर्षे, चार महिने आणि चार दिवसांचे झाले की बिस्मिल्लाचा समारंभ करण्याची रीत अनेक घरांत आहे. त्या दिवशी नवे कपडे होतात, मिठाई वाटली जाते आणि रेहलवर कायदा उघडला जातो. पण समारंभानंतरचे दिवस अधिक महत्त्वाचे. पुष्कळ घरांत तेथून पुढे सारा भार मकतबावर टाकला जातो आणि मुलाच्या वाट्याला केवळ घोकंपट्टी येते. शाफई यांच्या मातेजवळ पैसा नव्हता, पुस्तके नव्हती. घर आणि चिकाटी मात्र होती. आज ज्या मातेला मुलाच्या हाती कुराण द्यावयाचे आहे, तिला त्या चरित्रातून कितीतरी साधी साधने सापडतील. पाटीवर अलिफ गिरवून घ्यावा. मोठ्या भावंडाने धाकट्याला सूरा म्हणून दाखवावी आणि त्याच्याकडून म्हणून घ्यावी. वजूची आयत शिकविताना मुलाच्या हाती पाण्याचा तांब्या द्यावा. सूर्य कोणत्या बाजूला मावळतो ते अंगणात उभे राहून पाहावे आणि किबल्याची दिशा मुलालाच शोधू द्यावी. मुलाला थकवा आला की थांबावे. दुसऱ्या दिवशी मात्र चुकवू नये.

आणि ईदच्या पहाटे फितऱ्याचे धान्य मोजावयाचे असते, तेव्हा माप मुलाच्याच हाती द्यावे. माणशी एक साअ, म्हणजे चार मुद, सुमारे अडीच किलो तांदूळ. घरातील प्रत्येकाच्या नावाने एकेक माप, अगदी तान्ह्या बाळाच्या नावानेही. भुकेल्याला अन्न देण्याची कुराणातील आज्ञा मुलाने कितीदा तरी ऐकलेली असते. ते तांदूळ स्वतःच्या ओंजळीने मोजून शेजारच्या गरिबाच्या दारी पोहोचविताना त्या आज्ञेचा अर्थ त्याला हाताने कळेल, आणि हाताने कळलेला अर्थ जन्मभर टिकतो. रांजणातील हाडांनी बाराशे वर्षांपूर्वी हेच शिकविले होते.